विश्लेषण : सूर्य मंदावला, तर पृथ्वीवर ‘लघुहिमयुग’ येईल का?

सूर्याची सक्रियता दर अकरा वर्षांनी वाढते आणि ओसरते. ऑक्टोबर २०२४ मध्ये शिखर गाठलेले सध्याचे सौरचक्र आता उतरणीला लागले आहे. अशी उतरण सुरू झाली की ‘सूर्य थंडावतोय, पुढची काही दशके कडाक्याच्या थंडीची’ असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. काही जण पुढे जाऊन ‘मग तापमानवाढीची चिंता कशाला?’ असेही विचारतात. सूर्याच्या मंदीचा हिवाळ्याशी काही संबंध आहे का? असल्यास किती? आणि त्या भरवशावर तापमानवाढीकडे दुर्लक्ष करता येईल का?

सूर्य ‘मंदावतो’ म्हणजे नेमके काय होते?

सूर्याच्या पृष्ठभागावर अधूनमधून काळसर डाग दिसतात. तेथील चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते की आतून वर येणारी उष्णता अडते. सूर्यपृष्ठाचे तापमान सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस असते, तर डागांच्या गाभ्यात ते साडेतीन ते चार हजार अंशांपर्यंत उतरते. म्हणून ते काळे दिसतात. या डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढते आणि घटते, हे जर्मनीतील हौशी निरीक्षक हाइनरिश श्वाबे यांच्या लक्षात आले, ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १७५५ पासूनच्या चक्रांना क्रमांक देण्यात आले असून सध्या २५ वे चक्र सुरू आहे.

डाग काळे असले, तरी ते जास्त असताना सूर्य किंचित अधिक तेजस्वी असतो. कारण डागांच्या आसपास झळाळणारे तेजस्वी पट्टे असतात आणि त्यांचा प्रकाश डागांनी केलेली घट भरून काढून वर थोडा उरतो. डाग कमी झाले की हे पट्टेही कमी होतात. ‘सूर्य मंदावला’ याचा अर्थ एवढाच. सूर्य विझू लागला आहे किंवा त्याचे इंधन संपत आले आहे, असा त्याचा अर्थ नाही.

‘लघुहिमयुगा’ची चर्चा कुठून आली?

१६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत सूर्यावर डाग जवळजवळ दिसलेच नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुस्ताव श्पोरर आणि एडवर्ड माउंडर यांनी जुन्या नोंदींवरून याकडे लक्ष वेधले. १९७६ मध्ये अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जॉन एडी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकातील निबंधात या काळाला ‘माउंडर मिनिमम’ हे नाव दिले. याच काळात युरोपात अनेक कडक हिवाळे पडले. १६८३-८४ च्या हिवाळ्यात लंडनची थेम्स नदी गोठली आणि तिच्या बर्फावर चक्क जत्रा भरली. १७०९ च्या थंडीने फ्रान्समध्ये पिके, द्राक्षमळे आणि माणसे यांचा बळी घेतला. डाग नसलेला सूर्य आणि गोठलेली थेम्स ही जोडी लोकांच्या मनात पक्की बसली.

पुढे दोन घटनांनी या चर्चेला हवा दिली. २०११ च्या जूनमध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तीन वेगवेगळ्या निरीक्षणांच्या आधारे २५ वे चक्र फारच क्षीण असेल, कदाचित ते जाणवणारही नाही, अशी शक्यता मांडली. जुलै २०१५ मध्ये ब्रिटनमधील गणितज्ञ व्हॅलेंतिना झारकोव्हा यांनी २०३० च्या दशकात सूर्याची सक्रियता ६० टक्क्यांनी घटेल, असे भाकीत एका परिषदेत मांडले. हे ६० टक्के सूर्याच्या चुंबकीय सक्रियतेबद्दल होते. जगभरच्या मथळ्यांत मात्र ‘पंधरा वर्षांत हिमयुग’ असे छापून आले आणि अनेकांनी सूर्याची उष्णताच निम्म्याहून कमी होणार, असा अर्थ काढला.

ती भाकिते खरी ठरली का?

२५ व्या चक्राबाबतचे भाकीत तर सपशेल चुकले. २४ वे चक्र खरोखरच शंभर वर्षांतील सर्वांत क्षीण होते. २०१४ मधील त्याच्या शिखरावर सौरडागांचा सरासरी निर्देशांक ११६ होता. २५ वे चक्रही तेवढेच असेल, असा अंदाज अमेरिकी संस्थांच्या तज्ज्ञ समितीने दिला होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास निर्देशांक १६० पर्यंत पोहोचला. त्याआधी मे २०२४ मध्ये दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ झाले आणि लडाखमधील हानले येथूनही आकाशात लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला.

विशेष म्हणजे कोलकात्याच्या ‘आयसर’मधील प्रांतिका भौमिक आणि दिव्येंदु नंदी यांनी २०१८ मध्येच हे चक्र आधीच्या चक्रापेक्षा काहीसे जोरकस असेल आणि २०२४ च्या सुमारास शिखर गाठेल, असे सांगितले होते. एका चक्रापुढचे भाकीत किती कठीण असते, हे यातून दिसते. २०३० च्या सुमारास सूर्य पुन्हा शांत होईल, हे नक्की. मात्र तो दर अकरा वर्षांनी होतो तसाच होईल की दीर्घकाळ शांत राहील, हे आज खात्रीने सांगणे शक्य नाही.

सतराव्या शतकातील थंडी सूर्यामुळेच होती का?

पूर्णपणे नाही. युरोपातील तो थंड कालखंड माउंडर मिनिममच्या शेकडो वर्षे आधी सुरू झाला होता आणि नंतर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकला. त्यामागे ज्वालामुखींचा मोठा हात होता. इंडोनेशियातील लोम्बोक बेटावर १२५७ मध्ये झालेला सामालासचा उद्रेक आणि १८१५ चा तांबोराचा उद्रेक ही त्याची ठळक उदाहरणे. अशा उद्रेकांतून गंधकयुक्त कण वातावरणात फार उंच जातात आणि सूर्यप्रकाश परतवतात. तांबोरानंतरचे १८१६ हे वर्ष युरोप आणि उत्तर अमेरिकेत ‘उन्हाळ्याविना गेलेले वर्ष’ म्हणून ओळखले जाते.

थेम्सचे गोठणेही फक्त तापमानावर अवलंबून नव्हते. जुन्या लंडन ब्रिजच्या अरुंद कमानी आणि जाडजूड खांब पाणी अडवत, त्यामुळे वरच्या बाजूला प्रवाह संथ होऊन बर्फ धरत असे. १८३१ मध्ये नवा पूल झाला, जुना पाडला गेला आणि प्रवाह मोकळा झाला. १९६२-६३ चा हिवाळा इंग्लंडच्या इतिहासातील सर्वांत थंड हिवाळ्यांपैकी होता, तरी लंडन शहरात थेम्स गोठली नाही. शिवाय इंग्लंडमधील तापमानाच्या नोंदी १६५९ पासून सलग उपलब्ध आहेत. त्यांत १६८३-८४ चा हिवाळा सर्वांत थंड आहे. पण अवघ्या दोन वर्षांनी, सूर्यावर डाग नसतानाच, याच नोंदीतील अत्यंत उबदार हिवाळ्यांपैकी एक येऊन गेला.

सूर्याची ऊर्जा घटते तरी किती?

उपग्रहांवरून हे मोजमाप १९७८ पासून सुरू आहे. पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा पडते. चक्राच्या शिखरापासून तळापर्यंत हा आकडा जेमतेम एक वॅटने, म्हणजे ०.१ टक्क्याच्या आसपास बदलतो. यामुळे पृथ्वीच्या सरासरी तापमानात पडणारा फरक सुमारे ०.१ अंश सेल्सिअस आहे.

‘ॲफेलियनमुळे यंदा जास्त थंडी पडणार’ हा दरवर्षी फिरणारा संदेश येथे तपासून पाहण्यासारखा आहे. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर असते ती जुलैच्या सुरुवातीस. सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते ती जानेवारीच्या सुरुवातीस, म्हणजे आपल्या ऐन थंडीत. तेव्हा पृथ्वीवर जुलैच्या तुलनेत सुमारे सात टक्के जास्त सूर्यप्रकाश पडतो, तरीही उत्तर गोलार्धात हिवाळाच असतो. ऋतू ठरतात ते पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे, अंतरामुळे नाही. अंतरातील हा चढउतार वर्षभरात फिटून जातो आणि चक्रातील घट काही वर्षे टिकते, हे खरे. तरीही सात टक्क्यांपुढे ०.१ टक्का किती लहान आहे, हे ध्यानात यावे.

मग हिवाळ्याशी संबंध जोडला जातो तो कसा?

सूर्याची एकूण ऊर्जा फारशी बदलत नसली, तरी तिच्यातील अतिनील किरणांचा भाग बराच बदलतो. काही तरंगलांबींवर हा बदल काही टक्क्यांपर्यंत असतो. ही किरणे जमिनीपर्यंत फारशी पोहोचत नाहीत. सुमारे १५ ते ५० किलोमीटर उंचीवरच्या स्थितांबरात ओझोन ती शोषून घेतो आणि तेथील हवा तापते. सूर्य शांत असताना अतिनील किरणे घटतात, उष्ण कटिबंधावरचे स्थितांबर कमी तापते आणि तेथील व ध्रुवावरील तापमानातला फरक घटतो.

हिवाळ्यात उत्तर ध्रुवाभोवती फार उंचावर वेगवान वाऱ्यांचे कडे फिरत असते. त्याला ध्रुवीय भोवरा म्हणतात. तापमानातला फरक कमी झाला की हे कडे सैल पडते. काही आठवड्यांत त्याचा परिणाम खालच्या थरांत उतरतो. एरवी अटलांटिक महासागरावरून उबदार, दमट हवा युरोपात नेणारे पश्चिमी वारे क्षीण होतात आणि त्यांच्या जागी रशिया व आर्क्टिककडची कोरडी, गार हवा शिरते. ब्रिटनमधील माइक लॉकवुड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जुन्या नोंदींवरून आणि सारा इनेसन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये संगणकीय प्रारूपावरून अशा संबंधाला पुष्टी देणारे निष्कर्ष मांडले.

२०१० चा हिवाळा काय सांगतो?

२००८ आणि २००९ या दोन्ही वर्षांत अडीचशेहून अधिक दिवस सूर्यावर एकही डाग नव्हता. त्यापाठोपाठ २००९-१० चा हिवाळा उत्तर युरोपला कडक गेला. डिसेंबर २०१० तर ब्रिटनमधील शंभर वर्षांतील सर्वांत थंड डिसेंबर ठरला. ऐन नाताळच्या तोंडावर बर्फामुळे हीथ्रो विमानतळ जवळपास बंद पडला आणि हजारो प्रवासी अडकले.

याच वेळी उत्तर अटलांटिकच्या दुसऱ्या टोकाला, ग्रीनलंड आणि ईशान्य कॅनडात, तापमान नेहमीपेक्षा बरेच जास्त होते. संपूर्ण पृथ्वीचा हिशेब केला, तर २०१० हे वर्ष तोवरच्या सर्वांत उष्ण वर्षांच्या पंक्तीत, २००५ च्या बरोबरीने बसले. म्हणजे थंडी नव्याने निर्माण झाली नव्हती, तिची जागा बदलली होती. फ्रीजचे दार उघडे राहिले तर स्वयंपाकघरात पायाशी गारवा येतो, पण आतला बर्फ वितळू लागतो. तसाच हा प्रकार.

हा संबंध दर वेळी दिसतो का?

नाही, आणि म्हणूनच शास्त्रज्ञांत यावर मतभेद आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये सूर्य पुन्हा चक्राच्या तळाशी होता. वरच्या हिशेबाने युरोपात कडाक्याची थंडी पडायला हवी होती. प्रत्यक्षात २०१९-२० चा हिवाळा युरोपात तोवरच्या नोंदींतील सर्वांत उबदार ठरला. त्या वर्षी ध्रुवीय भोवरा सैल पडण्याऐवजी विलक्षण घट्ट राहिला. २०१९ मध्येच ‘नेचर जिओसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकरा वर्षांच्या चक्राचा या वाऱ्यांवरील परिणाम नगण्य असल्याचा निष्कर्ष निघाला. २०११ च्या अभ्यासात वापरलेली अतिनील किरणांची उपग्रहीय मापनेही प्रत्यक्षापेक्षा मोठी असावीत, अशी शंका नंतर घेण्यात आली.

वैश्विक किरणांमुळे ढग वाढून पृथ्वी थंड होते, असाही एक सिद्धान्त आहे. सूर्य शांत असताना बाहेरून येणारे हे किरण खरोखर वाढतात. मात्र जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संस्थेतील ‘क्लाउड’ प्रयोगाच्या निष्कर्षांनुसार, सौरचक्रातील चढउताराने ढगांवर होणारा परिणाम लक्षणीय ठरण्याइतका नाही. थोडक्यात, सौरमंदी हा युरोपच्या हिवाळ्यावर प्रभाव टाकणाऱ्या अनेक घटकांपैकी एक असू शकतो. समुद्राचे तापमान, एल निनो व ला निना आणि वातावरणाची स्वतःची चंचलता यांचा जोर अनेकदा त्याहून जास्त असतो.

सूर्य दीर्घकाळ शांत राहिला, तर तापमानवाढ थांबेल?

माउंडर मिनिममसारखी मंदी या शतकात परतली तर काय होईल, हे संशोधकांनी तपासले आहे. जर्मनीतील गेऑर्ग फॉयल्नर आणि स्टेफान राम्सटॉर्फ यांच्या २०१० मधील अभ्यासानुसार, २१०० पर्यंतच्या जागतिक तापमानवाढीतून त्यामुळे जास्तीत जास्त ०.३ अंश कमी होतील. इनेसन आणि सहकाऱ्यांच्या २०१५ मधील अभ्यासात जागतिक घट ०.१ अंशाच्या आसपास आली. उत्तर युरोपात हिवाळ्यातील परिणाम याहून मोठा, म्हणजे अर्ध्या अंशाच्या आसपास दिसला. मात्र तोही त्या भागातील अपेक्षित तापमानवाढ पुसण्याइतका नव्हता.

याचे कारण साध्या तुलनेत आहे. सूर्यप्रकाश गोल पृथ्वीवर पसरतो आणि त्यातील सुमारे ३० टक्के परावर्तित होतो. हे लक्षात घेता चक्रातील एक वॅटचा फरक दर चौरस मीटरमागे सरासरी ०.२ वॅटच्या आसपास उरतो. आयपीसीसीच्या सहाव्या अहवालानुसार, १७५० ते २०१९ या काळात मानवी कृतींमुळे पडलेली भर २.७ वॅट आहे, म्हणजे तेरापटींहून अधिक. शिवाय सूर्याचा फरक वर-खाली होत राहतो. कार्बन डायऑक्साइडची भर मात्र साचत जाते.

प्रत्यक्ष अनुभवही हेच सांगतो. २१ व्या चक्राच्या शिखरावर सौरडागांचा निर्देशांक २३३ होता. पुढच्या तीन चक्रांत तो २१२, १८० आणि ११६ असा घसरत गेला. याच चार दशकांत पृथ्वीचे तापमान चढत राहिले आणि २०२४ हे नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. औद्योगिकीकरणापूर्वीच्या तुलनेत ते सुमारे १.५५ अंशांनी अधिक उष्ण होते, असे जागतिक हवामान संघटनेने जाहीर केले. तापमानवाढ सूर्यामुळे होत असती, तर जमिनीलगतच्या हवेसोबत स्थितांबरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरचे स्थितांबर थंड होते आहे. ही खूण हरितगृह वायूंची आहे.

भारतातील आणि महाराष्ट्रातील थंडीचे काय?

वर सांगितलेली साखळी मुख्यतः उत्तर अटलांटिकच्या दोन्ही काठांना लागू होते. भारतातील हिवाळ्यासाठी वापरता येईल असा सौरचक्राचा थेट आडाखा उपलब्ध नाही. उत्तर भारतातील थंडी ठरते ती पश्चिमी झंझावातांवर. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकल्या की तिकडचे कोरडे, गार वारे दक्षिणेकडे वाहतात. आकाश निरभ्र असले की रात्री जमिनीतील उष्णता झपाट्याने निघून जाते आणि निफाड, नाशिक, जळगाव, नागपूर येथील पारा उतरतो. बंगालचा उपसागर किंवा अरबी समुद्रावरून बाष्प आले, की ढग दाटतात आणि चार दिवसांची थंडी एका रात्रीत गायब होते.

शेतीसाठी हा फरक महत्त्वाचा आहे. गहू आणि हरभऱ्याला थंडी मानवते. द्राक्षबागेला मात्र कडाका आणि ढगाळ हवा दोन्ही मारक असतात. पारा फार घसरला की मण्यांची वाढ थांबते, तर ढगाळ, दमट हवेत भुरी आणि डाऊनीचा धोका वाढतो. ‘यंदा सूर्य मंद आहे, थंडी भरपूर पडेल’ अशा संदेशावर विसंबून पेरणी, फवारणी किंवा छाटणीचा निर्णय घेणे नुकसानीचे ठरू शकते. त्यासाठी भारतीय हवामान विभागाचे काही दिवसांचे अंदाज आणि कृषी सल्लेच उपयोगाचे आहेत.

मग सूर्यावर नजर ठेवायची कशासाठी?

शांत सूर्यही अनेक कारणांनी महत्त्वाचा आहे. सौरवादळांचा धोका कमी झाल्याने उपग्रह, वीजवाहिन्या आणि दळणवळण यांना दिलासा मिळतो. दुसरीकडे वरचे वातावरण आक्रसते, तेथील घर्षण घटते आणि अवकाशातील कचरा खाली येऊन जळण्याऐवजी कक्षेत अधिक काळ फिरत राहतो. अंतराळवीरांना वैश्विक किरणांचा त्रासही वाढतो.

भारताकडे सूर्याच्या निरीक्षणाची मोठी परंपरा आहे. कोडाईकनालची सौर वेधशाळा १८९९ मध्ये स्थापन झाली आणि तेथे शतकभराहून अधिक काळाची सूर्यचित्रे जपलेली आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेले इस्रोचे ‘आदित्य एल-१’ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्य न्याहाळत आहे. त्यावरील ‘सूट’ ही दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’च्या नेतृत्वाखाली तयार झाली. ती २०० ते ४०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातील अतिनील किरणांत सूर्याची चित्रे टिपते. ओझोनच्या रसायनावर परिणाम करणारी किरणे याच पट्ट्यात आहेत. सूर्याच्या कोणत्या भागातून ती किती येतात, याची माहिती आता चक्राच्या उतरणीतही मिळत राहील. सौरमंदीचा हिवाळ्याशी नेमका किती संबंध आहे, या वादाला त्यातून अधिक भक्कम आधार मिळू शकेल. तापमानवाढीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र सूर्याच्या डागांत सापडणार नाही. ते आपल्या धुराड्यांत आणि गाड्यांच्या धुरातच शोधावे लागेल.